पाव तास

वायसर चाळीस सेंटचं.
माझं येणं बावन्न युरोचं.
गाडी एम्डेनच्या बंदरापलीकडून निघते,
पूल उघडा असला तर थांबते,
बोट जाईपर्यंत मी रेडिओ ऐकतो,
आणि हे सगळं, बोटीसकट,
कुणीतरी भरायचं असतं.

आज एकाच पत्त्याच्या दोन चिठ्ठ्या होत्या.
सोमवारी खालून, घरमालकीण फ्रेर्क्सबाई:
"वरचा नळ गळतोय. बिल वर द्या."
मंगळवारी वरून, भाडेकरू एनो उबेन:
"नळ गळतोय. बिल खाली द्या."
पाण्याला एवढं कळत नाही,
ते आपलं नुसतं खाली येतं.

एनो रात्रपाळीचा. कोऱ्या करकरीत गाड्या
जहाजाच्या पोटात नेऊन लावतो, चार बोटं अंतर सोडून,
दुसरी आणायला परत फिरतो.
दिवसा झोपावं, तर ठिप्, ठिप्.
आवाज मरावा म्हणून त्यानं भांड्यात
मुलीचा मोजा टाकला होता. लाल, डाव्या पायाचा.

नळ जुना, गंजानं दातखीळ बसलेली.
पाना लावला, तेल सोडलं, शिवी दिली,
पाऊण तास गेला. पाऊण तासाचे पंचेचाळीस.
त्यानं करार आणून ओट्यावर पसरला,
चौदावं कलम, त्यावर ओल्या बोटाचा डाग:
शंभरापर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची.
शंभराच्या वर गेली, तर मालकाची.
वरची रक्कम नव्हे. सगळी.
त्यानं मनात बेरीज केली. मीही केली.
सत्त्याण्णव युरो, चाळीस सेंट.

"चहा घेणार?" तो म्हणाला,
आणि घड्याळाकडे बघितलं नाही,
इतकं जपून, की मला ते दिसलं.

आमच्याकडे चहा एक कप नसतो. तीन असतात.
आधी खडीसाखर, तिच्यावर कढत चहा,
खडा तडकतो, ते ऐकायचं,
मग कडेनं साय सोडायची, आणि ढवळायचं नाही.
तीन कप म्हणजे पाव तास. पाव तास म्हणजे पंधरा.
मी एकच घेतला. उभ्यानं.
प्यायलेला चहा बिलात धरू नये, असं बाप सांगायचा.
बापाकडे सायकल होती,
येण्याचे पैसे तो घ्यायचाच नाही,
आणि गेला तेव्हा पानेसुद्धा उधारीचे निघाले.

काम झाल्याच्या कागदावर एनोनं सही केली.
बेरजेची जागा कोरी. ती मी गाडीत बसून भरतो.
सही करताना त्यानं पेन दोनदा झटकलं,
शाई होती तरी.

खाली दार उघडंच.
फ्रेर्क्सबाईंच्या छपराचं पन्हाळ गेल्या साली मीच बसवलं,
चार हप्ते ठरले, चौथा अजून यायचाय.
त्याबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही.
"किती झाले?"
सांगितलं.
"म्हणजे तोच."
"तोच."
बाई बराच वेळ किटलीची लोकरी टोपी सारखी करत राहिल्या.
"तीन आठवडे मीही ऐकलं ते. माझा पलंग बरोबर खाली येतो.
निम्मं माझ्याकडे लाव, ऐकण्याचं."
"निम्मं होत नाही, बाई. एक तर तो, नाहीतर तुम्ही."
"कुणी लिहिलं असलं?"
"खाली सही तुमचीच आहे."

त्यांनी चहा ओतला. गुडघ्यांचं बोलल्या,
धुक्याचं बोलल्या, वरच्या पोरीचं,
जी जिन्यावरून एका पायानं उतरते.
दुसरा कप. तिसरा.
मी कपात चमचा उभा केला.
आमच्यात त्याचा अर्थ, पुरे, निघतो.

बाईंनी चमचा उचलला,
फडक्यानं पुसला, बशीत आडवा ठेवला.
"माझं घड्याळ मागे पडतं," त्या म्हणाल्या,
"तुझ्यात बघ किती वाजले."
आणि डब्यात बोटं घालून, चाचपत,
सगळ्यात मोठा खडा शोधायला लागल्या.